नीळ घातलेल्या सासूबाई

मी माझ्या सासूबाईंना रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलं आहे. वर नीळ घातली आणि चिमटे लावून गच्चीतल्या दोरीवर वाळत टाकलं. त्या तेव्हा हयात नव्हत्या, हे माझं नशीब. असत्या तर त्यांनी मला वाळत टाकलं असतं.

सांगते. लग्न होऊन मी पुण्याहून बडोद्याला आले, त्यानंतरची पहिली दिवाळी. घर खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत. घरात संस्थानच्या दफ्तरात उमेदीची वर्षं काढलेले सासरे, माझा नवरा आणि शाळेत जाणारी नणंद. ती माझ्यापेक्षा चांगली आठ-नऊ वर्षांनी लहान, दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं. पण सासऱ्यांची शिस्त अशी, की त्या परकरी पोरीला मी 'वन्सं' म्हणायचं आणि 'अहो-जाहो' करायचं. ती मला खुशाल 'अगं वहिनी'. ती सवय आज आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो तरी गेलेली नाही. सासूबाई माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधीच गेल्या होत्या.

सासू नसलेल्या घरात नवी सून आली की तिला अडवायला कोणी नसतं. त्यात मी बी.ए. झालेली, आणि जगातली घाण फक्त आपल्यालाच दिसते अशी माझी खात्री. दिवाळीच्या साफसफाईत मी त्या घराचा एकही कोपरा सोडला नाही. माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात पातळ कागदात गुंडाळलेली फिल्मची एक छोटी पट्टी होती. उजेडासमोर धरली, तर एक बाई. चेहरा काळाकुट्ट, केस पांढरेफटक, कपाळावर पांढरं कुंकू.

निगेटिव्ह नावाची वस्तू असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात कोणीतरी बोललेलं कानावर होतं. पण कानावर पडलेली गोष्ट आणि हातात आलेली गोष्ट एकच असू शकते, हे त्या काळात माझ्या डोक्यात शिरत नसे. मला वाटलं, माळ्याखालीच चूल, वर्षानुवर्षांचा धूर बसलाय बिचारीच्या तोंडावर.

पुढची अक्कल बघा. धुण्याचा सोडा मी वापरला नाही, कारण वस्तू नाजूक. माझ्या शालूला रिठा, तर हिलाही रिठा. कोमट पाण्यात पट्टी बुडवली आणि अंगठ्याने हलक्या हाताने चोळायला लागले. चेहऱ्यावर जरा जास्त चोळलं, कारण काळं तिथेच जास्त होतं. थोड्या वेळाने फिल्म बुळबुळीत लागायला लागली, तेव्हा मला आनंद झाला, की मळ सुटतोय! एवढं करूनही बाई गोरी होईना, म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ घातली. सासऱ्यांची धोतरं त्या निळीने कशी चकचकीत व्हायची, हा माझा अनुभव होता.

संध्याकाळी नवरा घरी आला. गच्चीवर सासऱ्यांचं धोतर आणि माझं पोलकं यांच्या मधे ती पट्टी लटकत होती. त्याने ती काढून हातात घेतली आणि चिमटे एकेक करून परत दोरीला लावले. ओरडला असता तर बरं झालं असतं. कॉलेजात असताना मित्राचा कॅमेरा एका दुपारपुरता मागून आणून त्याने आईचे दोन फोटो काढले होते. ते अंधुक आले म्हणून छापायचे राहिले. मग आईच गेली, आणि छापून आणायचा त्याला धीर झाला नाही.

दुसरा फोटो नव्हताच का? एक होता, लग्नातला. त्यात मुंडावळ्यांच्या आडून सासूबाईंचं नाक तेवढं दिसतं. कॅमेरा बघितला की त्या स्वयंपाकघरात पळायच्या म्हणे. घरच्या मोठ्या ग्रुप फोटोत त्यांच्या जागी दाराची कडी आहे.

एवढ्यात वन्सं शाळेतून आल्या. दादाच्या हातातली पट्टी घेऊन त्यांनी उजेडासमोर धरली, फिरवून दोन्ही बाजूंनी बघितली आणि मला विचारलं, "वहिनी, आई कुठे गेली?"

मी हात पदराआड लपवले. हातात नीळ होती.

नंतर या गोष्टीचा घरात विनोद झाला. तो करण्यात माझाच पुढाकार होता. आपल्यावर कोणी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, हा माझा जुना धंदा. वन्संही काही कमी नाहीत. त्या पुढे गणिताच्या शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही, आणि आयुष्यभर तोंडाने सडेतोड राहिल्या. माझा मुलगा तान्हा होता तेव्हा त्याला अंघोळ घालायला मी उचललं, की दारातून आवाज यायचा, "जपून गं वहिनी! चेहरा राहू दे त्याचा." आम्ही खो खो हसायचो. इतकी वर्षं हसलो, की मला वाटलं, ती जखम कधीच भरली.

आता मी फतेगंजमधल्या फ्लॅटमध्ये मुलगा आणि सुनेबरोबर राहते. नवरा जाऊन काही वर्षं झाली. सून गुजराती आहे. आधी नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. रोज बसने जायची आणि संध्याकाळी केसांत रसायनांचा वास घेऊन यायची. मग तिने ते सोडलं आणि घरीच कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचं काम शिकली. लोक तिच्याकडे वाळवी लागलेले आजोबा घेऊन येतात, पाण्यात भिजलेली लग्नं घेऊन येतात. ती सगळ्यांना 'चालशे, चालशे' म्हणते आणि कामाला बसते. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. शिकलेली मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या पूर्वजांची तोंडं पुसत बसते, असं मी मुलाला म्हटलेलं मला आठवतं. म्हणजे अक्कल म्हातारपणी येते, हाही माझा गैरसमजच.

गेल्या हिवाळ्यात वन्सं आल्या. त्या अजून जुन्या घरातच राहतात. खंडेराव मार्केटात उतरल्या की तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा घेऊनच रिक्षात बसायचं, हा त्यांचा थंडीतला नेम. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. टेबलाशी सून कोणाच्या तरी आजीच्या गालावरची बुरशी काढत होती. वन्सं बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तुला एक सांगू? हसू नकोस."

"आजवर कधी हसले का मी?"

"आईचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवतो. पोळी लाटताना बांगड्या वाजायच्या ते आठवतं. हात तर अजून ओळखीन. पण चेहऱ्यापाशी गेले की पाटी कोरी. आधी होता गं. कधी गेला कळलंही नाही. आता वाटतं, एकदा बघायला मिळाला असता म्हणजे झालं असतं."

मी हसले नाही. शेंग हातातच राहिली. त्यांच्या आठवणीतला चेहरा मी धुतला नव्हता, हे खरं. पण तो पुन्हा आठवायला जी एक वस्तू होती, ती मीच धुतली होती.

पट्टी नवऱ्याने टाकून दिली नव्हती. त्याच्या कपाटात, गरम कोटाच्या आतल्या खिशात, ती इतकी वर्षं होती. मला ठाऊक होतं. दर वर्षी कोटाला ऊन दाखवताना मी तो खिसा टाळून पुढे जायची. वन्सं गेल्यावर मी ती काढून सुनेपुढे ठेवली.

सुनेने हातमोजे चढवले, पट्टी उजेडाच्या काचेवर ठेवली आणि भिंग लावून बघितली. मग माझ्याकडे मान वळवली. "आई, तुम्ही हिच्याबरोबर नक्की काय केलं?"

"रिठ्यात धुतली."

"आणि?"

"चोळली जराशी."

"आणि हे निळं काय आहे?"

"चिमूटभर नीळ."

"आई!"

"बरं, दोन चिमटी."

ती इतकी हसली की तिला भिंग खाली ठेवावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्याकडे पुरात बुडालेले फोटो आले आहेत, उंदरांनी खाल्लेले आले आहेत. इस्त्रीच्या तयारीत असलेला हा पहिलाच."

पहिला प्रयत्न तिने सोप्या रस्त्याने केला. हल्ली म्हणे एक बटन असतं. फाटका फोटो दिला की ते आपल्या मनाने चेहरा पुरा करून देतं. ते दाबलं आणि क्षणात पडद्यावर एक बाई उभी राहिली. गुळगुळीत गाल, रेखीव ओठ, दोन्ही कानांत सारख्या कुड्या. मी तर टाळ्याच वाजवल्या. लगेच वन्संना बोलावून घेतलं.

वन्सं चष्मा सावरून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे बाई. कोण आहे?"

सुनेचा चेहरा उतरला. वन्सं गेल्यावर तिने ते चित्र पुसून टाकलं. मी म्हटलं, "अगं, राहू दे ना, चांगलं तर दिसतंय!" माझ्या सासूबाईंना ती गुजराती रीतीने 'बा' म्हणते. म्हणाली, "आई, मला बांना शोधायचं होतं. मी नवीन बा बनवून दिली. आता हाताने करते. वेळ लागेल."

वेळ लागला. थंडी सरून उन्हं तापायला लागली तरी ते काम चाललंच होतं. दुपारचं जेवण झालं की मी तिच्यामागे खुर्ची टाकून बसायची. आधी टोमणे मारायला बसायची, मग बघायला.

पहिला अडथळा माझी नीळ. चेहऱ्यावर आणि पदरावर तिचे ढगासारखे डाग होते. मला वाटलं, हे कसले जातात! पण सुनेने ती काळीपांढरी पट्टी रंगीत फोटो असल्यासारखी स्कॅन केली. मग मला दाखवलं, की कॉम्प्युटर प्रत्येक चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर ठेवतो. लाल थर उघडला तर माझे डाग आणखीच उठून दिसले. निळा थर उघडला, आणि डाग नाहीत! "निळ्या चष्म्यातून निळा डाग दिसेल का, आई?" असं म्हणत तिने बाकीचे दोन थर फेकून दिले. जे मी घासून, धुऊन, वाळवून बसवलं होतं, ते तिने फुंकर मारल्यासारखं बाजूला केलं. मी उठून तिच्यासाठी आल्याचा चहा केला, आणि माझ्या हातचा चहा ही आमच्या घरात फार मोठी पदवी आहे.

पुढचं काम मात्र कोणत्याही युक्तीने होणारं नव्हतं. कोमट पाण्यामुळे फिल्मवरचा थर फुगून मग आक्रसला होता. त्यामुळे सासूबाईंच्या गालांवर, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा होत्या. त्यावर माझ्या चोळण्याचे ओरखडे. सगळं एकदम गुळगुळीत करायचं बटन होतंच, पण त्याने भेगांबरोबर बाईच्या खऱ्या सुरकुत्याही गेल्या असत्या. म्हणून ती एकेक भेग वेगळी घेई. चित्र इतकं मोठं करी, की अख्ख्या पडद्यावर नाकाची एक बाजू मावायची नाही. मग शेजारचा कणभर चांगला तुकडा उचलून भेगेवर ठेवायचा, मागे सरकून बघायचं, पटलं नाही तर परत काढायचा. आमच्या लहानपणी रफूवाला शालूच्या आतल्या काठातून धागा ओढून काढायचा आणि त्याच धाग्याने भोक विणून टाकायचा. बाहेरचा धागा कितीही भारी असला तरी त्याला चालायचा नाही. ही तेच करत होती. डावा डोळा अर्धा गेला होता, तर पट्टीवरच्या दुसऱ्या फोटोतून त्याच डोळ्याचा तुकडा आणून तिने बसवला. उजव्या कानाच्या जागी दोन्ही फोटोंत काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "घाल की एक कान, कोणाला कळतंय!" ती म्हणाली, "जिथे काहीच नाही तिथे मी काही घालणार नाही." तिथे तिने नुसती करडी सावली ठेवली.

काम करताना ती सासूबाईंशी बोलायची, तेही गुजरातीत. "जरा सीधां बेसो ने, बा." साऱ्या घराला धाकात ठेवणाऱ्या माझ्या मराठी सासूबाई नातसुनेकडून गुजरातीत बोलणी खात होत्या. आणि मला तर वाटायचं, त्या खरंच जरा सरळ बसल्या.

असंच एकदा हनुवटीचं काम आलं. तिथे खालच्या बाजूला तीन काळे ठिपके होते. फिल्मवरचा थर टोचल्यासारखा उडाला की छापल्यावर नेमका तसाच काळा ठिपका दिसतो, हे एव्हाना मीही शिकले होते. तशा ठिपक्यांनी मागची भिंत भरली होती आणि सून ते भराभर पुसत आली होती. मी मागून फर्मान सोडलं, "तेही काढ. माझ्याच नखांचे असणार."

तिचा हात थांबला. तिने दुसरा फोटो शेजारी उघडला. त्यात सासूबाईंनी मान वळवली होती, पुरेसा फोटो झाला आता, अशा आवेशाने. बराच वेळ ती इकडून तिकडे बघत राहिली.

"आई, हे इथेही आहेत. आणि चेहऱ्याबरोबर वळले आहेत. डाग असा वळत नाही."

मी पुढे वाकले. खरंच, तीन ठिपके हनुवटीबरोबर फिरले होते. मी दुसऱ्यांदा सासूबाईंना धुवायला निघाले होते, आणि या वेळी रिठाही लागला नसता.

सुनेने वन्संना फोन लावला. आत्याला ती फोई म्हणते. ठिपक्यांचं काही न बोलता तिने एवढंच विचारलं, "फोई, बांच्या हनुवटीवर काही होतं का?" पलीकडून वन्संचा आवाज आला, "येते मी."

आल्या त्या हातात पिशवी नाही, पायात घरातल्या सपाता. सरळ टेबलापाशी गेल्या. पडद्यावर हनुवटी टेबलाएवढी मोठी केलेली होती. वन्संनी बोट पुढे केलं, मधल्या ठिपक्यावर टेकवलं आणि हळूच म्हणाल्या, "ट्रिंग."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"गोंदण होतं तिचं," वन्सं म्हणाल्या. "मी मांडीवर बसून दाबायचे. घंटेसारखं. दाबलं की ती 'ट्रिंग' म्हणायची आणि विचारायची, कोण आलंय? मी म्हणायचे, मी आले. रोज. स्वयंपाक करत असली तरी म्हणायची. मी हे विसरले कशी गं?"

सुनेने चित्र लहान केलं. गोंदणाच्या वर ओठ आले, ओठांच्या वर नाक, मग डोळे. सगळा चेहरा पडद्यावर मावला. वन्सं खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत, गणित शिकवलेली बाई आहे. पण चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, परत पुसला. मग म्हणाल्या, "हो. हीच."

मी सुनेकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू या सगळ्याशी तिचा काही संबंधच नाही. मुलाने लग्नाचं सांगितलं तेव्हा 'आपल्यातली नाही' म्हणून मी चार दिवस जेवले नव्हते. खरं तर डब्यातली श्रीखंडाची गोळी तोंडात ठेवून झोपायची, पण बाहेर उपासच जाहीर होता. आपल्यातल्या नसलेल्या त्या मुलीने आमची आई आम्हाला शोधून दिली. हे मी तिला तोंडावर सांगितलं नाही. चहा केला. या वेळी बरोबर शिराही.

छापून आणण्याआधी मी एकदा सगळा फोटो नीट तपासला. कानाच्या जागी करडी सावली, मागे भिंत, ओट्याची कड, हसू की रागावू अशा बेतातल्या सासूबाई. आणि खांद्यावरच्या पदरावर एक स्पष्ट, गोल, भोवऱ्यासारखी वळणं असलेला ठसा. अंगठा. माझा. ओल्या फिल्मवर मी दाबून धरला होता, तसाच्या तसा.

"अगं, हा राहिला की! काढ लवकर. पोलिसांत दिल्यासारखं दिसतंय."

"चेहऱ्यावरचे सगळे काढले मी," सून म्हणाली. "हा एकच ठेवला आहे. काढायचा की नाही, फोईंना विचारू."

मी खूप आरडाओरडा केला, पण आमच्या घरात आता माझं कोणी ऐकत नाही. ठशासकटच फोटो छापून आला. वन्संनी तो मांडीवर घेतला, गोंदणावरून बोट फिरवलं, मग पदरावरच्या माझ्या अंगठ्यापाशी थांबल्या. सुनेने विचारलं, काढून दुसरा छापू का? वन्संनी मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या:

"राहू दे तो. सासू नाही म्हणून जन्मभर मोकाट राहिलीस, वहिनी. एकदा का होईना, तिचा पदर धरला होतास, एवढं तरी दिसू दे."